बावीस नळ, एक टाकी आणि बत्तीसचं पान

आमच्या वर्गातल्या पोरांनी वाडीत वाया जाणारं पाणी मोजलं त्याची ही हकिगत. आधी शाळेची माहिती देते म्हणजे पुढचं कळेल. साताऱ्याच्या माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची वाडीवरची शाळा, पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. पहिली-दुसरी सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, म्हणजे एका खोलीत तिसरीची ८ आणि चौथीची ९ अशी १७ पोरं, मधे एक फळा, अर्धा तिसरीचा अर्धा चौथीचा. वाडीत घरं ६४, माणसं ३१०. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं आमच्या सगळ्यांचंच उणंदुणं येणार आहे, माझंही.

शाळा गावाशी जोडा, परिसराशी जोडा, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. केंद्रावरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मिळून होणाऱ्या, शिक्षण परिषदेत दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ते बोलतंच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा टकळीवरच्या सुतातूनच गणित यावं असं म्हटलं होतं, म्हणजे कल्पना काही नवी नाही. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवस आहेत पण ते सहावी ते आठवीला, आमची चौथी त्यात बसत नाही. प्रत्यक्षात काय होतं तर प्रकल्प म्हणजे थर्माकोलचा डोंगर, त्यावर हिरवा कागद, निळ्या रंगाची नदी, बापाने रात्री जागून केलेलं, आणि सकाळी पोरगं ते सायकलवरून सांभाळत आणतंय. किंवा मग स्वच्छतेची रॅली. घोषणा द्यायच्या, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. मी पण टाकलेत, खोटं कशाला बोलू.

तर हे प्रकरण २०२३-२४ सालचं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता आणि आमच्याकडे तर एरवीही पाऊस बेताचाच, त्यामुळे दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हाच वाडीत पाणी दिवसाआड झालेलं. दिवसाआड म्हणजे एक दिवस सोडून पाऊण तास. वेळ नक्की नाही, कधी पहाटे पाच, कधी साडेसहा, लाईट असेल तसं. चौथीच्या परिसर अभ्यासात 'घरोघरी पाणी' असा धडा आहे. मी उजळणी घेत होते, पाणी नळाने कसं येतं, टाकी, जलवाहिनी, सगळं चित्रात छान दाखवलंय. तर एक पोरगी म्हणाली, बाई आमच्या नळाला तोटीच न्हाई. दुसरा म्हणाला आमच्या पण. मग हात वर करा म्हटलं तर सतरातले सहा हात वर. (आमच्याकडे कुणी तोटी म्हणतं कुणी चावी, पोरांच्यात त्यावरूनच पाच मिनिटं भांडण झालं, ते सोडा.)

मी म्हटलं, वाडीत असे किती नळ असतील? कुणी पन्नास, कुणी हजार म्हणालं. म्हटलं मोजा. इथपर्यंत माझ्या डोक्यात प्रकल्प वगैरे काही नव्हतं, मला तिसरीला ताळ्याच्या खुणा, म्हणजे मोजताना मारायच्या रेघा, शिकवायच्या होत्या आणि फळ्यावर आंबे-पेरू मोजून मीच कंटाळले होते.

तिसरीच्या आठ जणांनी दोन दिवसांत वाडी मोजली. नळ एकूण ७४, त्यात घरचे ७१ आणि सार्वजनिक ३. टाकीजवळची वरची आळी ३० नळ, खालची आळी ४४. बिनतोटीचे २२, त्यातले वरच्या आळीत ९ आणि खालच्या आळीत १३. हे आकडे तीनदा मोजले कारण पहिल्या दिवशी एका गटाचे १९ आले आणि दुसऱ्याचे २५, एका घराला दोन्ही गट गेलेले आणि एका घरात कुत्रं सोडलेलं म्हणून कुणीच गेलं नव्हतं.

मग चौथीला काम. बिनतोटीच्या नळातून पाणी किती वाया जातं? शाळेच्या आवारातल्या नळाला पाणी आलं त्या सकाळी आम्ही लवकर जमलो, बिसलरीची लीटरची बाटली धरली, फोनवर सेकंद लावले. बाटली ६ सेकंदात भरली. म्हणजे मिनिटाला १० लीटर. पाणी ४५ मिनिटं, म्हणजे ४५० लीटर. नळ २२, म्हणजे ९,९०० लीटर. पोरांनी फळाभर लिहिलं, ९,९०० लीटर पाणी गटारात! मी पण खूश. लीटर, मिनिट, गुणाकार, सगळं एका गणितात आलं. लगेच कार्डशीटवर मोठ्या अक्षरात तक्ता केला आणि शाळेच्या फाटकाला लावला.

इथे थांबून सांगते, हे प्रकरण इथेच संपलं असतं तर मला कौतुकाचं पत्र मिळालं असतं बहुतेक. तक्ता देखणा होता. आणि सपशेल चुकीचा.

चूक मी पकडली नाही. सरांनीही नाही, केंद्रप्रमुख साहेब येऊन गेले त्यांनी तर तक्त्यासोबत फोटो काढला. चूक पकडली पाणी सोडणाऱ्या तात्यांनी. सरकारी कागदात त्यांना काय म्हणतात ते म्हणोत, वाडीत ते तात्या. शिक्षण सातवी, पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवतायत, टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकतात आणि सगळ्या वाडीच्या शिव्या खातात. खालच्या आळीला पाणी कमी गेलं तर तात्या, वरच्या आळीला जास्त गेलं तर तात्या. तक्ता वाचून ते तडक वर्गात आले, चपला दाराशी काढून, आणि म्हणाले, "बाई, ह्यो आकडा कुणी काढला?"

मी म्हटलं मुलांनी. तर तात्या पोरांकडे वळले. "टाकीवर काय लिवलंय रं? क्षमता किती?"

"वीस हजार लीटर."

"एका नळाला साडेचारशे लीटर म्हंताय. नळ किती हायती सगळे?"

"चौऱ्याहत्तर."

"मग करा की हिशेब."

पोरांनी केला. ७४ गुणिले ४५०. ३३,३००. वर्गात एकदम शांतता. वीस हजाराच्या टाकीतून तेहेतीस हजार तीनशे लीटर पाणी कसं निघालं? एक पोरगं हळूच म्हणालं, बाई गुणाकार चुकला आसंल. परत केला. तोच आला.

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते, लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असंही वाटलं की चौदा वर्षांत 'उत्तर शक्य आहे का ते तपासा' ही ओळ मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिली असेल पण ती एकदाही कुणाच्या अंगाला लागलेली पाहिली नव्हती, आणि आता सातवी शिकलेल्या माणसाने एका प्रश्नात ते करून दाखवलं. त्यांना कुणी शिकवायला बोलावलं नव्हतं. त्यांना तो आकडा खुपत होता कारण त्या आकड्याचा अर्थ गावात असा निघत होता की निम्मं पाणी तात्यांच्या देखत गटारात जातंय.

चुका दोन होत्या. पहिली, शाळा टाकीला चिकटून, तिथे पाण्याला जोर, तोच जोर सगळ्या वाडीला धरला. दुसरी चूक जास्त गमतीची, ती एका पोराच्या आजीने काढली. आजी म्हणाली, अगं आमी हांडं भरतोय की नळाखाली, ते पाणी वाया कसं? म्हणजे बिनतोटीच्या नळातलं सगळंच पाणी आम्ही वाया धरलं होतं. पिण्याचे हंडे, घागरी, बॅरल भरून झाल्यावर जे वाहतं तेवढंच वाया.

मग सगळं नव्याने. तात्यांनी एक काम केलं, पाणी सोडायच्या आदल्या संध्याकाळी ते शाळेत निरोप द्यायला लागले. पोरांनी आपापल्या घरी आणि शेजारी मोजायचं, आई किंवा आजी सोबत पाहिजेच, अंधारात एकट्याने कुठे जायचं नाही हे मी वहीत लिहून पालकांची सही घेतली. तीन गोष्टी लिहायच्या: बाटली भरायला किती सेकंद, घरचं भरून कधी झालं, आणि पाणी कधी गेलं. बाटलीचाही घोळ निघाला, काठोकाठ भरली तर लीटरपेक्षा जास्त बसतं. मग डेअरीवरून लीटरचं माप आणून प्रत्येकाच्या बाटलीवर मार्करने रेघ मारली. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी एक हजार एक, एक हजार दोन असं म्हणत सेकंद मोजले, एक पोरगं इतक्या घाईने मोजायचं की त्याच्या नळाला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागायचा, त्याला घड्याळासमोर बसवून सराव करून घेतला.

यात तीन आठवडे गेले. मधे एक पालक शाळेत येऊन बोलून गेले, पोरगं शाळेत घातलंय का नळ मोजायला. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. मराठीच्या दोन कविता मागे पडल्या त्या पडल्याच, पुढे घाईत उरकल्या. हा खर्च आहे आणि तो कुठल्याच अहवालात येत नाही.

आकडे आले ते असे. वरच्या आळीत सरासरी ८ सेकंदात लीटर, खालच्या आळीत १५ सेकंदात. ६० भागिले १५ म्हणजे ४ हे सगळ्यांना आलं. ६० भागिले ८ ला गाडी अडली, ७ उरले ४. चौथीला दशांश अपूर्णांक नाहीत. मी पुढे कसं जावं विचार करत होते तर एकजण म्हणाला, उरल्यालं चार म्हंजे आठचं निम्मं, म्हंजे साडेसात. झालं. आपल्या भाषेत साडेसात हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, पोरांना साडेसात वाजता म्हणजे काय ते कळतं. दुसऱ्या दिवशी एकाचे आजोबा शाळेत येऊन बसले आणि त्यांनी पोरांना पाऊणकी, दिडकी, अडीचकी म्हणून दाखवली, त्यांच्या वेळचे अपूर्णांकाचे पाढे, एका दमात. पोरं आ वासून बघत होती. मीसुद्धा.

मग तात्यांची कसोटी आधी लावली. सगळे नळ सगळा वेळ चालू धरले तर? वरची आळी, ३० नळ साडेसातने, पोरांनी ३० गुणिले ७ म्हणजे २१० आणि तिसाचे निम्मे १५, असे मिनिटाला २२५ लीटर, गुणिले ४५, १०,१२५. खालची आळी ४४ चोक १७६, गुणिले ४५, ७,९२०. बेरीज १८,०४५. वीस हजाराच्या आत! पोरांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या, बेरीज आत बसली म्हणून टाळ्या वाजवणारा वर्ग मी पहिल्यांदा बघितला.

आणि वाया जाणारं? वरच्या आळीत घरचं भरून झाल्यावर सरासरी २० मिनिटं पाणी वाहतं: ९ नळ, साडेसात लीटर, २० मिनिटं, १,३५०. खालच्या आळीत पाणीच इतकं बारीक की भरून होईपर्यंत जायची वेळ होते, जेमतेम ५ मिनिटं वाया: १३ नळ, ४ लीटर, ५ मिनिटं, २६०. एकूण १,६१० लीटर.

९,९०० वरून १,६१० वर. पोरं हिरमुसली. एक म्हणाला, बाई लईच कमी झालं, ह्यात कायच न्हाई. मी म्हटलं महिन्याला किती वेळा पाणी येतं? पंधरा वेळा. १,६१० गुणिले १५, २४,१५०. म्हणजे महिन्याला एक अख्खी टाकी आणि वर चार हजार लीटर. चेहरे परत खुलले. जुना तक्ता काढून टाकायचा का यावर चर्चा झाली, शेवटी काढला नाही, त्यावर लाल रेघ मारून शेजारी नवा लावला. ही त्यांचीच आयडिया, मला आधी नको वाटत होती, शाळेची चूक फाटकावर कशाला. पण राहू दिलं.

आता तोटी का नाही, हा प्रश्न. मी गृहीत धरून चालले होते की लोकांचा निष्काळजीपणा. पोरांनी बावीस घरी विचारलं तर आठ घरांनी सांगितलं तोटी होती पण तिच्यावर पाईप बसत नाही म्हणून काढून ठेवली. पाच जणांची मोडली. चार घरांना नळजोडणी झाली तेव्हापासून तोटी बसवलीच नाही. आणि उरलेल्या पाच घरांनी जे सांगितलं ते माझ्या कधी डोक्यातच आलं नसतं: पाणी कधी येईल नेम नाही, म्हणून नळ उघडा ठेवून खाली पत्र्याचं घमेलं ठेवायचं, पाणी आलं की आवाजाने जाग येते. म्हणजे बिनतोटीचा नळ हा त्यांचा अलार्म! पाण्याची वेळ ठरत नाही तोवर त्या पाच घरांत सोन्याची तोटी बसवली तरी ती उघडीच राहणार.

तालुक्याच्या बाजारादिवशी दोन पालकांनी हार्डवेअरच्या दुकानात दर विचारून आणला, पाईप बसेल अशी नोझलची तोटी ८५ रुपये. बावीसच्या १,८७० रुपये. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा तेव्हा ग्रामपंचायतीला यायचा त्यातला ६० टक्के बंधित असायचा, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असायचा, त्यापुढे १,८७० काहीच नाही. मराठीच्या तासाला अर्ज लिहिला. पत्रलेखन आपण शिकवतो ते बहुतेक मामाला सुट्टीत येतो म्हणून कळवायचं, त्याला पोच कधी लागत नाही. इथे नऊ जणांनी नऊ अर्ज लिहिले, एकाने लिहिलं 'तोट्या लावा नाहीतर आम्ही परत येऊ', तो वाचून सर हसून हसून लाल. शेवटी सगळ्यांचे मिळून एक पान झालं आणि ते घेऊन पोरं ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हसत ठेवून घेतलं, पण मी पोरांना शिकवून पाठवलं होतं, आवक नंबर टाका आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. शिक्का बसला. तो शिक्का बघायला पहिलीची पोरंही येऊन गेली.

इथून पुढचा भाग मला लिहायला जड जातोय.

अर्ज गेल्यावर एक दिवस चौथीतल्या एका मुलीने, जी फार बोलत नाही, विचारलं, बाई सगळ्यांनी तोट्या लावल्या तर आपल्याला पाणी पुरंल का? मी म्हटलं काढूया. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं त्यात माणशी रोज ५५ लीटरचा मापदंड आहे. वाडीला किती मिळतं? २०,००० दोन दिवसांना, म्हणजे रोजचे १०,०००, भागिले ३१०. उत्तर ३२, थोडे उरतात. पंचावन्नला २३ कमी. आणि तोट्यांनी किती वाचेल? १,६१० चे निम्मे ८०५, भागिले ३१०, भागाकार २ बाकी १८५. अडीच लीटर धरा. पण हे अडीच त्या बत्तीसातलेच, म्हणजे तोट्या लावून ते वाचले तरी पंचावन्नला तेवीस कमीच. ते तेवीस कुठून आणायचे हे तोटीच्या हातात नाही, ते विहिरीच्या, मोटरीच्या, लाईटच्या आणि दुसऱ्या टाकीच्या हातात आहे.

पोरांनी हे वेगळ्या पानावर लिहिलं. त्याला आमच्यात नाव पडलं बत्तीसचं पान.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंचांनी स्वतः निरोप पाठवला होता, मुलांना आणा, त्यांचं ते नळाचं सादरीकरण होऊ द्या. पोरांनी छान सांगितलं, कुणी अडखळलं नाही. आधी आमचं चुकलं होतं आणि ते तात्यांनी दाखवलं हेही सांगितलं, तेव्हा तात्या मागे भिंतीला टेकून उभे होते, खाली बघत होते. तोट्यांचा ठराव तिथल्या तिथे झाला. मग सरपंच म्हणाले, बघा, एवढ्याएवढ्या पोरांना कळतं, तुम्हाला मोठ्यांना कळत नाही, पाणी वाया घालवता. टाळ्या.

बत्तीसचं पान माझ्या पिशवीत होतं. मी काढलं नाही.

आदल्या रात्रीच मी ठरवलं होतं. मी जिल्हा परिषदेची नोकर, शाळेच्या कंपाउंडचं काम ग्रामपंचायतीकडे अडकलेलं, आणि तोट्यांचं बोलायला गेलेल्या शाळेने एकदम पाणीयोजनेवर बोट ठेवायचं हे मला झेपणार नाही असं वाटलं. घरी येताना ती मुलगी म्हणाली, बाई बत्तीसचं पान ऱ्हायलं. मी म्हटलं वेळ नव्हता. तिने मान डोलावली पण तिला पटलं नव्हतं हे मला कळलं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं असणार.

यावर मी खूप विचार केलाय. शाळा जेव्हा गावाचा प्रश्न हातात घेते तेव्हा आपण नकळत असाच प्रश्न निवडतो ज्याचं बोट लोकांच्या सवयीकडे जातं. पाणी वाचवा, कचरा टाकू नका, हात धुवा. ते सोपं असतं, त्यात कुणाला उत्तर द्यावं लागत नाही आणि पोरांच्या तोंडून ऐकायला गोड वाटतं. आमच्या तोट्यांच्या आकड्यावर टाळ्या पडल्या त्याचं एक कारण हेही होतं की तो आकडा खुर्चीवर बसलेल्या कुणालाच टोचत नव्हता, खाली सतरंजीवर बसलेल्यांना टोचत होता. आणि खालच्या आळीची बाई, जिच्या घरी हंडे भरायच्या आत पाणी जातं, तिलाही त्या दिवशी पाणी वाया घालवता म्हणून ऐकून घ्यावं लागलं. माझ्या वर्गाच्या गणितामुळे. जे पान तिच्या बाजूने बोललं असतं ते माझ्या पिशवीत.

शिकण्याचं म्हणाल तर परीक्षेत काही चमत्कार झाला नाही. भागाकार ज्यांना येत होता त्यांना येतो, दोघांना अजून बाकी उरली की घाम फुटतो. फरक एवढाच पडला की आता शाब्दिक उदाहरण सोडवल्यावर दोन-चार जण आपणहून म्हणतात, थांबा, टाकीत बसतंय का बघू. उदाहरण लाडवांचं असलं तरी टाकीच म्हणतात.

तोट्या फेब्रुवारीत आल्या. बावीसपैकी सतरा बसल्या आणि टिकल्यात. त्या घमेलंवाल्या पाच घरांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला, शाळेत विजेची घंटा बसल्यापासून जुनी घंटा, म्हणजे रेल्वे रुळाचा तुकडा, कोपऱ्यात पडून होता, तो पोरांनी तात्यांना द्यायचा ठरवला. आता तो टाकीच्या शिडीला टांगलाय आणि व्हॉल्व्ह फिरवायच्या आधी तात्या पाच टोले देतात. पाचातल्या तीन घरांनी त्यानंतर तोटी लावून घेतली. उरलेली दोन वाडीच्या टोकाला आहेत, तिथे टोले ऐकू जात नाहीत.

मार्चमध्ये तात्या परत वर्गात आले. या वेळी चपला काढायच्या आधीच दारातून म्हणाले, "बाई, पोरांनी ते बत्तीसचं काय काडलंय म्हंत्यात, ते पान मला द्या." त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. म्हणाले, "लोक मला म्हंत्यात तात्या पानी खातो. मी कुटं खातो, टाकीतच न्हाई. पंचायतीत सांगून दमलो, कागुद न्हाई माझ्याकडं."

मी पान दिलं. तात्यांनी तिथेच उभं राहून वाचलं, बोटाने एकेक ओळ, आणि पहिल्याच ओळीवर थांबले. "हितं वीस हजार लिवलंय. ते टाकीवर रंगवल्यालं हाय. तळाला गाळ हाय, धुवून लई दिस झालं. साडेअठराच्या वर भरत न्हाई."

पोरांच्या लगेच लक्षात आलं, आपली बेरीज १८,०४५ का आली होती ते. मग १८,५०० चे निम्मे ९,२५०, भागिले ३१०. या वेळी भागाकार त्या मुलीने फळ्यावर केला. २९, बाकी २६०. तिने पान तात्यांकडून परत मागून घेतलं, ३२ वर रेघ मारून शेजारी २९ लिहिलं, आणि खाली नवं वाक्य टाकलं, टाकी कधी धुणार? मग मला विचारलं, बाई ह्याला पण आवक नंबर लागंल ना.

मी म्हटलं लागेल. या वेळी दोन प्रती केल्या, आणि पोच घ्यायला मी पण सोबत गेले.